तुटलेल्या तंतूची रसद

सरफोजीराजांनी राखलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदींच्या ओढीने मी तंजावरला गेलो आणि तिथून कुंभकोणमजवळच्या दारासुरम्‌ला. ऐरावतेश्वराचं देऊळ पाहायचं होतं, पण पाय अडकले विणकरांच्या गल्लीत. त्यांच्या सौराष्ट्री बोलीवर मराठीची सावली आहे, त्यामुळे परकं वाटलं नाही. एका मागावर रेशमी ताण्याचा धागा तुटला. विणकराने धोटा थांबवला, दोन्ही टोकं चिमटीत धरून पीळ दिला, आणि माग पुन्हा सुरू झाला.

माझ्या डोक्यात मात्र गोल्डफिश होता. त्याची दृक्‌चेता, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस, कापली तरी काही आठवड्यांत मासा पुन्हा पाहू लागतो. आपली कापली गेली, तर अंधार कायमचा. पण माशात टोकं जुळत नाहीत. मेंदूकडचा तुकडा झिजून जातो. डोळ्याकडच्या खुंटातून नवा तंतू फुटतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं दृष्टिपटलातल्या पेशीत घडतात. मग ती टोकापर्यंत पोचतात कशी?

१९४८ मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल वाइस यांनी चेता आवळून पाहिली. आवळलेल्या जागी पेशीकडच्या बाजूला तंतू फुगले. आतला सगळा ऐवज दिवसाला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने पुढे सरकतो, असं त्यांनी मांडलं. नामांकित माणसाचा शब्द. बरीच वर्षं तोच चालला.

त्याला छेद देणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या बर्निस ग्राफ्स्टाइन होत्या, आणि त्यांच्या प्रयोगाची रचना मला अजून भुरळ घालते. माशाच्या एका डोळ्यात ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सारी, ल्युसिन हे अमिनो आम्ल टोचायचं. पेशी ते प्रथिनांत गुंफतात. माशाचे दृक्‌तंतू सगळेच्या सगळे मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात. म्हणजे उजव्या डोळ्यात टोचलं की डाव्या बाजूचा किरणोत्सार मोजायचा, आणि उजवी बाजू तुलनेसाठी आयतीच हाताशी. १९६८ मध्ये ब्रूस मॅकइवन यांच्यासोबत त्यांनी दोन गती दाखवल्या: दिवसाला सुमारे ४० मिलिमीटर आणि सुमारे ०.४ मिलिमीटर. शंभरपटीचा फरक. एकाच तंतूत जलद डाक आणि बैलगाडी.

१९६९ मध्ये मॅरियन मरे यांच्यासह त्यांनी चेता कापलेले मासे घेतले. जलद वाहतुकीने येणारं प्रथिन वाढलं, संथ वाहतुकीचा वेगही वाढला. दृष्टिपटलातल्या पेशी टरारून फुगल्या. जखम दूर, आणि पेशी मात्र इथे कामाला जुंपलेली! मला हेच विलक्षण वाटतं.

पुढे १९८१ मध्ये बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी जलद वाहतुकीने येणारा हाच माल वेगळा करून पाहिला. सगळी प्रथिनं सारखी वाढली नव्हती. काही मोजकीच कित्येक पटींनी चढली होती. म्हणजे वजन वाढलं तसा मालही बदलला होता. त्याच वर्षी स्कीन आणि विलार्ड यांनी टोड आणि ससा शेजारी ठेवून पाहिले. टोडच्या दृक्‌चेतेत जखमेनंतर वाढीशी निगडित प्रथिनांची आवक वाढली. सशाच्या दृक्‌चेतेत नाही.