नगाऱ्याचा लूप लयीत बसवताना

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथला नगारा तुम्ही मोबाइलवर टिपलात, असं समजा. पहिल्या ठोक्यापासून नवव्याच्या सुरुवातीपर्यंत पाच सेकंद भरले, तर आठ ठोक्यांच्या या लूपचा वेग मिनिटाला ९६. ज्या गाण्यात तो बसवायचा, ते मात्र १२० चं. तिथं आठ ठोक्यांना चारच सेकंद मिळतात.

नुसता वेग वाढवला तर जुन्या टेपसारखा सूरही चढतो, पेटीच्या जवळपास चार पट्ट्या! भारदस्त नगारा डफडीसारखा वाजू लागतो. म्हणून सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे एकमेकांवर सरकवून सूर न हलवता वेळ आवळतं. गळ्याला, बासरीला हे चालतं. चामड्यावरच्या ठोक्याची धार मात्र बोथट होते. तालवाद्याला दुसरी रीत बरी: प्रत्येक ठोक्याच्या तोंडाशी काप द्यायचा आणि तुकडे जवळ आणायचे. १९९४ साली आलेलं 'रीसायकल' हे सॉफ्टवेअर हेच काम करायचं.

कापताना सुरुवातीची शांतता राहिली, तर सगळं गणित घसरतं. आणि हाताचा ठोका थोडा मागेपुढे पडतोच. प्रत्येक ठोका मात्रेच्या रेघेवर ओढायचा मोह होतो. मी समेचा तेवढा जुळवतो, मधले राहू देतो.