लाइनची गाडी की लोकल? ३२ हजार आणि १९ हजारांतला खरा फरक किती?

‘पोरगा काय करतो?’

‘गाडीवर असतो.’

पलूस, तासगाव, खानापूर भागात स्थळ बघताना हे उत्तर नवं नाही. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला असतो. ‘लाइनला, का लोकल?’

लाइनची गाडी म्हणजे लांब पल्ल्याची. एकदा भरून निघाली की दिल्ली, कोलकाता, चेन्नई करून आठ-पंधरा दिवसांनी घर. लोकल म्हणजे सकाळी निघून रात्री घरी, फार तर एखादा मुक्काम. लाइनला पैसा जास्त आणि लोकलला घर जवळ, असं सरळ गणित सगळे मांडतात.

पण हे गणित बहुतेक वेळा एकाच आकड्यावर संपतं. ‘महिन्याला किती?’ आणि तिथेच फसगत होते. ती कशी, हे कुंडलच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

कुंडलमध्ये दोन्ही पर्याय का आहेत?

कुंडल हे सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातलं गाव. प्रतिसरकारच्या इतिहासामुळे आणि कुस्तीच्या मैदानामुळे सगळ्यांना माहीत असलेलं. पण ट्रकच्या नजरेनं बघितलं तर हा माल तयार होणारा पट्टा आहे.

गावात क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे. शेजारी किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना वसवला, तेव्हा तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव ‘कुंडल रोड’ होतं. आज तिथून पंप बाहेर पडतात. भिलवडीला चितळेंची डेअरी आहे, तासगावला द्राक्षं आणि बेदाणा, सांगलीला हळदीची पेठ.

म्हणजे उसाची खेप, दुधाचा टँकर, कारखान्याची रोजची फेरी ही लोकल कामं इथे आहेत. आणि साखर, बेदाणा, द्राक्षं, पंप घेऊन परराज्यात जाणाऱ्या गाड्याही इथूनच भरतात. त्यामुळे नवं लायसन्स हातात पडलेल्या पोरासमोर दोन्ही दारं उघडी असतात.

लाइनच्या पगारात नेमकं काय काय असतं?

लाइनच्या ड्रायव्हरला मिळणारे पैसे साधारण तीन भागांत येतात.

पहिला भाग म्हणजे ठरलेला पगार. काही मालक महिन्याचा देतात, काही ट्रिपवर किंवा किलोमीटरवर.

दुसरा भाग म्हणजे भत्ता, म्हणजे रस्त्यावरचा खर्च. जेवण, चहा, अंघोळ, पार्किंग, किरकोळ हमाली असं सगळं यातून भागवायचं आणि उरलं ते आपलं.

तिसरा भाग म्हणजे डिझेलचा हिशोब. गाडीने ठरलेलं अ‍ॅव्हरेज दिलं तर बक्षीस, कमी दिलं तर कपात.

‘महिन्याला ३२ हजार पडतात’ असं कुणी सांगतं तेव्हा त्यात बऱ्याचदा हे तिन्ही एकत्र असतात. त्यातला भत्ता हा खरं तर पगार नाहीच. तो गाडी चालवण्याचा खर्च आहे, फक्त तो ड्रायव्हरच्या खिशातून जातो.

एक गणित करून बघू

खालचे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या भागातले, तुमच्या मालकाचे आकडे घालून हेच गणित करता येईल.

समजा, कुंडलचा ३० वर्षांचा एक ड्रायव्हर आहे. घरी बायको आणि लहान मूल.

लाइनची ऑफर:

- सगळं धरून महिन्याला ३२,००० रुपये
- महिन्यातले २४ दिवस रस्त्यावर. जेवणखाण आणि इतर खर्च रोज ४०० रुपये, म्हणजे ९,६०० रुपये
- डिझेल कपात, फोन, किरकोळ दंड मिळून १,००० रुपये
- हातात उरले २१,४०० रुपये

लोकलची ऑफर:

- महिन्याला १९,००० रुपये, भविष्य निर्वाह निधीसह
- २६ दिवस काम, डबा घरचा
- मोटारसायकलचं पेट्रोल आणि चहापाणी १,५०० रुपये
- उरले १७,५०० रुपये. यातून पीएफची स्वतःची १,८०० रुपये कपात जाते, पण ते पैसे त्याच्याच नावावर राहतात
- शिवाय मालकाचा पीएफ आणि पेन्शनचा हिस्सा १,८०० रुपये. एकूण १९,३०० रुपये

१३ हजारांचा फरक २,१०० रुपयांवर आला.

आता तास बघा. लाइनला चालवणं, भरणं-उतरवणं, गेटवर थांबणं धरून दिवसाचे १४ तास पकडले तर महिन्याचे ३३६ तास होतात. तासाला सुमारे ६४ रुपये. लोकलला जाण्यायेण्यासह १० तास धरले तर २६० तास, म्हणजे तासाला सुमारे ७४ रुपये.

वर्षाचं गणित आणखी वेगळं निघतं. लाइनची गाडी कधी कामाला गॅरेजमध्ये जाते, कधी परतीचं भाडं मिळत नाही. ट्रिपवर पैसे असतील तर त्या दिवसांचं काही मिळत नाही. असे वर्षातले दोन महिने धरले, तर लाइनचे वर्षाला २,१४,००० होतात आणि लोकलचे २,३१,६००.

म्हणजे लोकलच भारी का?

तसंही नाही. कारण ‘लोकल’ या एका शब्दात बरीच वेगवेगळी कामं येतात.

उसाच्या वाहतुकीचं उदाहरण घ्या. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. त्या काळात खेपेवर चांगले पैसे सुटतात. पण फड ते कारखाना अंतर २०-२५ किलोमीटर असलं तरी यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र जाते. कागदावर लोकल, पण झोप मात्र केबिनमध्येच.

आणि हंगाम संपला की काय? समजा पाच महिने २५ हजारांनी मिळाले, तर १,२५,००० झाले. ते बारा महिन्यांत वाटले की महिन्याला साडेदहा हजारही पडत नाहीत. उरलेल्या सात महिन्यांची सोय आधीच लावलेली नसेल तर हे काम परवडत नाही.

दुधाचा टँकर बारमाही चालतो, पण दुधाला सुट्टी नसते. दिवाळीलाही गाडी निघते. कारखान्याच्या रोजच्या फेरीला वेळ आणि पगार दोन्ही ठरलेले असतात, पण अशा जागा कमी. त्याही अनेकदा ठेकेदारामार्फत भरल्या जातात.

कायदा किती तास गाडी चालवायला सांगतो?

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये वेगळा कायदा झाला. त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४ तासांपर्यंत सूट. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर.

आता हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये सामावला आहे. केंद्राने चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केल्या.

रस्त्यावरचं चित्र वेगळं आहे. सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांत ट्रकचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्या चालकांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवत असल्याचं सांगितलं. पीएफ, विमा, पेन्शन यातलं काहीच मिळत नाही, असं सांगणारे ९० टक्क्यांहून जास्त होते.

यामागे पैसे देण्याची पद्धतही आहे. पैसे ट्रिपवर असतील तर झोपलेला प्रत्येक तास तोट्याचा वाटतो. युरोपीय संघाने २००६ च्या नियमांत हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. अंतरावर किंवा मालाच्या वजनावर पैसे दिल्याने रस्त्यावरची सुरक्षा धोक्यात येत असेल, तर तसे पैसे द्यायला तिथे मनाई आहे. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांतीही सक्तीची आहे.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा कुणी विचारतच नाही

तो म्हणजे कागदावरचा पगार.

कामावर असताना अपघातात कामगाराचा मृत्यू झाला, तर भरपाईचं सूत्र कायद्याने ठरलेलं आहे. मासिक पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. वय ३० असेल तर हा गुणक २०७.९८ आहे. हिशोबासाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा २०२० मध्ये १५,००० रुपये करण्यात आली.

आपल्या उदाहरणातल्या ड्रायव्हरचा कागदावरचा पगार १५,००० असेल, तर घरच्यांना मिळणारी रक्कम होते १५,५९,८५० रुपये.

आता समजा त्याला ‘३२ हजार पडतात’, पण मालकाच्या वहीत पगार लिहिलाय ८,००० आणि बाकी सगळं भत्ता म्हणून. तर त्याच सूत्राने रक्कम होते ८,३१,९२० रुपये.

सात लाखांहून जास्त फरक. गाडी तीच, रस्ता तोच, माणूस तोच. फक्त कागद वेगळा.

आणि काहीच कागद नसेल, तर तो माणूस त्या गाडीवर कामाला होता हे सिद्ध करण्यापासून त्याच्या बायकोला सुरुवात करावी लागते.

बाकीचे लाभ कुठे मिळतात?

- भविष्य निर्वाह निधी २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होतो. कामगार आणि मालक दोघांचे १२-१२ टक्के.
- ईएसआय १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना. कामगाराचे फक्त ०.७५ टक्के जातात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आणि कुटुंबाला उपचार मिळतात.
- ग्रॅच्युइटी १० किंवा जास्त कामगार असतील तर, सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या नोकरीनंतर.

इथेच अडचण आहे. एक-दोन ट्रक असलेल्या मालकाकडे यातलं काहीच सक्तीचं होत नाही. म्हणून काम लाइनचं की लोकल, याइतकंच मालक किती मोठा आहे हेही बघावं लागतं. ज्या वाहतूक कंपनीकडे पीएफ-ईएसआय आहे तिची लाइनची गाडी, कागद नसलेल्या लोकल डंपरपेक्षा चांगली ठरू शकते.

छोट्या मालकाकडेच काम करायचं असेल तर निदान स्वतःपुरती सोय करता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे. जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. ई-श्रम नोंदणी मोफत होते.

लाइनला जाणं कधी फायद्याचं?

लग्न व्हायचंय, वय कमी आहे, पुढे स्वतःची गाडी घ्यायची आहे, अशांना लाइन बरंच शिकवते. कुठल्या पेठेत काय भाडं मिळतं, परतीचा माल कुठे भरायचा, कोण पैसे वेळेवर देतं, ही माहिती घरी बसून मिळत नाही. गाड्याही सुधारतायत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे.

पण अट एकच. गाडी उभी असली तरी पगार चालू हवा आणि भत्ता पगारापेक्षा वेगळा हवा.

हो म्हणण्याआधी हे सात प्रश्न विचारा

१. पगार किती आणि भत्ता किती? वेगवेगळे सांगा.

२. गाडी गॅरेजला किंवा मालाविना उभी राहिली तर त्या दिवसांचा पगार मिळणार का?

३. पगार बँकेत येणार का? नेमणुकीचं पत्र मिळणार का?

४. पीएफ, ईएसआय आहे का? असेल तर नंबर कधी मिळेल?

५. गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेत का? पॉलिसी बघायला मागा.

६. डिझेल, टायर, मालाची तूट यांची कपात कशी होते? वेतन संहितेनुसार एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही.

७. महिन्यातून घरी किती दिवस, आणि ते दिवस आधी ठरलेले असतात का?

या सातपैकी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला जो मालक सरळ उत्तर देतो, त्याची गाडी लाइनची असो वा लोकल, विचार करण्यासारखी आहे. जो ‘ते बघू नंतर’ म्हणतो, त्याच्या ३२ हजारांतून नंतरचा खर्च आधीच वजा करून बघा.