अमेरिकी खेड्याच्या मनातला सल

२०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांनी विस्कॉन्सिन राज्य २३ हजारांहून कमी मतांच्या फरकाने जिंकले. २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामा यांना कौल देणारे क्रॉफर्ड, ग्रँट, रिचलंड, व्हर्नन हे राज्याच्या नैर्ऋत्येचे ग्रामीण जिल्हे या वेळी ट्रम्प यांच्या बाजूने गेले होते. असे वळण अडाणीपणाच्या किंवा अपप्रचाराच्या खाती टाकून मोकळे होण्याची शहरी विश्लेषकांची सवय जुनी आहे. परंतु खेड्यांत जाऊन, माणसांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकून घेणाऱ्या काही अभ्यासकांनी त्या सवयीतला आळस उघडा पाडला आहे.

त्यांत राज्याची राजधानी मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या राज्यशास्त्रज्ञ कॅथरीन क्रेमर यांचे काम सर्वांत मोलाचे ठरते. २००७ ते २०१२ या काळात त्यांनी राज्यातील २७ वस्त्यांमधल्या गप्पांच्या कट्ट्यांवर पुन्हा पुन्हा जाऊन बसण्याची पद्धत अवलंबिली. हे कट्टे पेट्रोल पंपावर, खानावळीत, चर्चच्या तळघरात भरत, आणि उत्तरेकडच्या एका पंपावर तर जंगलतोडीचे काम करणारी माणसे दिवस उजाडताच कॉफीला जमत. या गप्पांतून क्रेमर यांना जी धारणा दिसली तिला त्यांनी ‘ग्रामीण जाणीव’ असे नाव दिले. निर्णय राजधानीत होतात आणि तेथे आपले कोणी ऐकत नाही, कराचा पैसा शहरांकडे वळतो, आणि शहरी लोक आपल्या जगण्याला मान देत नाहीत, या तीन तक्रारी त्या जाणिवेत एकमेकींत गुंतलेल्या असतात. दरडोई खर्चाचे आकडे पाहिले तर खेड्यांना फारसे कमी मिळत होते असे दिसत नाही, आणि हे क्रेमर यांनी लपवलेले नाही. पण गावातली शाळा शेजारच्या गावात विलीन झाली आणि मुले शिकून बाहेर गेली ती परतलीच नाहीत, असे ज्याच्या डोळ्यांदेखत घडले त्याला सरासरीचा आकडा काय समजावणार?

या रोषाचा पहिला रोख गावातल्याच माणसावर वळला, ही गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. दुभत्या जनावरांवर जगणाऱ्या कुटुंबात दिवसातून दोनदा धार काढावी लागते, त्याला सण नाही की सुटी नाही. आणि आरोग्यविमा परवडावा म्हणून घरातल्या एकाने शाळेत वा रुग्णालयात नोकरी धरायची, ही तेथील सर्रास तडजोड आहे. अशा वस्तीत शिक्षकाचा पगार, विमा आणि निवृत्तिवेतन सर्वांना ठाऊक असते व ते आपल्याच करातून जाते अशी भावना असते. म्हणूनच २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटींचा हक्क जवळजवळ काढून घेतला, तेव्हा मॅडिसनमध्ये प्रचंड निदर्शने झाली, तरी अनेक खेड्यांना त्यात न्याय दिसला. येथे कष्टाची मोजणी हातांच्या श्रमाने होते, आणि टेबलामागे बसून मिळवलेली सुरक्षितता त्या हिशेबात बसत नाही.

समाजशास्त्रज्ञ आर्ली रसेल हॉकशील्ड यांनी लुईझियानाच्या नैर्ऋत्य भागात पाच वर्षे घालवून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याहून कठीण कोडे हाताळले आहे. राज्याच्या अंदाजपत्रकातला सुमारे ४४ टक्के पैसा संघराज्य सरकारकडून येत होता, रासायनिक कारखान्यांनी पाणी नासवले होते, आणि तरीही तेथील माणसे त्याच सरकारच्या व पर्यावरण नियमांच्या विरोधात ठाम उभी होती. कॅल्कॅश्यू परिसरात मासे खाण्याबाबत १९८७ मध्ये सरकारी इशारा निघाला तेव्हा मच्छीमारांचा राग पाणी बिघडवणाऱ्या कंपनीपेक्षा इशारा देणाऱ्या सरकारवर निघाला. पुढे २०१२ च्या सरकारी मार्गदर्शनात दूषित पाण्यातल्या माशाची चरबी व कातडी काढावी आणि शिजवताना सुटणारा रस गळू द्यावा, असा सल्ला छापला गेला. ज्या सरकारशी गाठ पडते ती अशा कागदातून, त्याच्यावर विश्वास बसावा तरी कसा, हा प्रश्न तेथील माणसाच्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

हॉकशील्ड यांची ‘खोलवरची कथा’ ही संकल्पना, म्हणजे पुरावे बाजूला ठेवून माणसाला जे खरे वाटते त्याची गोष्ट, येथे उपयोगी पडते. सुबत्तेकडे जाणारी रांग थांबली आहे, आपण निमूट उभे आहोत, पुढे कृष्णवर्णीय, स्थलांतरित, निर्वासित घुसत आहेत आणि सरकार त्यांना वाट करून देत आहे, अशी ती गोष्ट. मात्र त्या कथेत रांग कोणी थांबवली याचा पत्ता नाही, आणि पुढे घुसणाऱ्यांचे चेहरे बहुधा एकाच प्रकारचे आहेत. वर्णद्वेषाचा हा धागा सहानुभूतीच्या भरात नजरेआड करणे अभ्यासकाला परवडणारे नाही. अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंख्येत सुमारे एक चतुर्थांश लोक श्वेतवर्णीय नाहीत. मिसिसिपी डेल्टातल्या कृष्णवर्णीय खेड्यांचीही दुरवस्था झाली आहे, पण त्यांचे मत ट्रम्प यांच्या विरोधी पक्षाला जाते. तेव्हा दुःख मताला दिशा देत नाही. ती देते त्या दुःखाभोवती रचली गेलेली कथा.

२०२४ च्या पुस्तकात हॉकशील्ड पूर्व केंटकीतल्या पाइकव्हिल या कोळशाच्या गावी जातात. यश-अपयश ज्याचे त्याने आपल्या कर्तृत्वावर घ्यावे असे तेथे मनोमन मानले जाते. त्यामुळे खाण बंद पडली की बेकार माणूस आधी स्वतःलाच दोष देतो, आणि ही लाज असह्य झाली असताना तुझा अभिमान हरवलेला नाही, तो चोरला गेला आहे, असे सांगणारा नेता त्याला आपला वाटतो. याच गावाच्या जिल्ह्याने १९९० च्या दशकात बिल क्लिंटन यांना मते दिली होती. तेव्हा खाणमजुराच्या अभिमानाची भाषा त्याची कामगार संघटना बोलत असे, आणि दोषाचे बोट खाणमालकाकडे वळवीत असे. २०१५ पर्यंत केंटकीत संघटित मजूर असलेली एकही कोळसा खाण चालू राहिली नव्हती.