असं का होतं? : चहानंतरची घाई

जालना बसस्थानकावर दोन कप कडक चहा घ्यावा, संभाजीनगरची एसटी पकडावी आणि करमाड येतं न येतं तोच चुळबुळ सुरू व्हावी. चहातलं पाणी ते कितीसं! मग एवढी घाई कसली?

करामत कॅफिनची. मूत्रपिंडं रक्त गाळतात, तेव्हा बरंचसं मीठ आणि पाणी परत रक्तात ओढून घेतात. ॲडेनोसिन नावाचं रसायन या कामाला हातभार लावतं. कॅफिन नेमकी त्याचीच जागा अडवतं. मीठ सुटलं की त्यामागे पाणीही मूत्रात जातं. शिवाय मूत्राशयाच्या स्नायूलाही कॅफिन चाळवतं. एरवी 400-500 मिलिलिटर मावणारी ही पिशवी मग अर्धी भरण्याआधीच ‘उठा’ म्हणू लागते.

रोजच्या चहाबाजांचं शरीर पहिल्या परिणामाला बरंच सरावतं. मूत्राशय मुळातच हळवं असेल, तर दुसरा मात्र छळतो.

प्रवासात अडचण नको म्हणून कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हात हा उपाय अंगाशी येतो: मूत्र दाट होतं, मूत्राशय आणखी चिडतं. पाणी प्याच, चहाचा दुसरा कप तेवढा सोडा. आणि जळजळ होत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर चहाला बोल न लावता डॉक्टरांना गाठा.