खारं पाणी, गोडं पाणी

आमच्या युसूफ वडगावला समुद्र म्हणजे नकाशातला निळा रंग. मी शाळेत तासिकेवर भूगोल शिकवते, पण तो निळा रंग मी स्वतः कधी पाहिला नव्हता. पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे येतो टँकर आणि त्याभोवतीची घागरींची रांग. मांजरा धरण आटलं म्हणून २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते आठवतंय ना?

तर अशा गावची मी, गेल्या डिसेंबरात मालवणला समुद्रात तोंड बुडवून आले!

हट्ट लेकीचा. सातवीत आहे. पाण्यावर पालथं तरंगून, तोंडात नळी धरून खालचे मासे बघतात, ते तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. मी साफ नाही म्हटलं. माझी एक मावसबहीण लहानपणी विहिरीत पाय घसरून गेली. त्यानंतर आईनं आम्हा मुलींना काठाशीही फिरकू दिलं नाही. भाऊ मात्र पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकले. मुली गेल्या तर विहीर वाईट, मुलं गेली तर विहीर चांगली, हे गणित तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आमचे हे म्हणाले, "तूच आधी उतर. तुला बरं वाटलं तर तिला सोड." मला वाटतं, मी घाबरून परत फिरेन असाच त्यांचा हिशेब असावा.

बार्शी, कोल्हापूर, फोंडा घाट, कणकवली करत पोहोचेतो अंग आंबून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच धक्क्यावर गेलो. सकाळचीच वेळ धरावी, दुपारी वारा सुटला की पाणी ढवळतं. पावसाळ्यात तर हे सगळं बंदच असतं. मैत्रिणींनो, साडी नेसून जाऊ नका. अंगाबरोबरचा पंजाबी ड्रेस बरा, ओढणी खोलीवरच ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या, पिना काढून ठेवा. सासूबाईंना काय वाटेल ते नंतर बघू, समुद्र काही परत आणून देत नाही. पोट तुडुंब भरू नका आणि अगदी रिकामंही ठेवू नका. दमा, हृदयविकार असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. आणि लाइफ जॅकेट नीट आवळून बांधल्याशिवाय बोटीत पाऊलसुद्धा टाकू नका. २०२२ च्या मे महिन्यात जवळच तारकर्लीला पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला, ते विसरू नये.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोट थांबली. डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवला. त्यात नाकही झाकलं जातं, म्हणून श्वास तोंडानंच घ्यायचा. काचेला वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून धुतात. मला मेलीला किळस आली, पण युक्ती खरी ठरली. नळी हातभरही नसते. ती लांब केली तर आपण सोडलेलीच शिळी हवा पुन्हा आत ओढू.

पहिल्यांदा उतरले आणि नळीत पाणी शिरलं. नाकातोंडात मीठ! मी हवेच्या ट्यूबला अशी मिठी मारली की बोटीवरचा पोरगा हसला. माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा असेल. "काकी, जोरात फू करा, पाणी बाहेर जाईल." परक्याचा हात धरायचा संकोच तोवर पार विरघळला होता. फू केलं. पाणी गेलं. पुन्हा तोंड बुडवलं.

आणि मग आवाजच थांबला. फक्त माझा श्वास. खाली पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, शाळा सुटल्यासारखे. खडकांवर तपकिरी, हिरवट प्रवाळ. मी वर्गात 'प्रवाळ हे सजीव आहेत' असं फळ्यावर लिहीत आले, पण ते जिवंत आहेत हे तेव्हा कळलं. बारीक प्राण्यांची वसाहतच ती. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्यावर पाय ठेवला की कित्येक वर्षांची वाढ मोडली. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून शंख-प्रवाळ उचलून शोकेस सजवायचा मोह टाळा, बायांनो.

वर आले तेव्हा लेक जॅकेट बांधून तयार उभी होती. मी काही बोलले नाही, तिचे पट्टे तेवढे पुन्हा ओढून पाहिले. ती पाण्यात होती तोवर मी बोटीची कड सोडली नाही.

कोरडे कपडे घालून मग किल्ला पाहिला. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ मध्ये बांधलेला, राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे. पण मी रेंगाळले ती दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींपाशी. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं! आमच्या गावच्या बाईला याहून मोठा चमत्कार कोणता दाखवणार? लेक काठावरून वाकून बघत होती. माझ्या तोंडाशी आलेलं "मागे हो" मी गिळलं आणि तिच्या शेजारी जाऊन वाकले.

मे महिन्यात माहेरी जायचं आहे. भावाच्या विहिरीला तोवर पाणी टिकेल म्हणतात. त्याला भोपळे वाळवून ठेवायला सांगितलंय. "एक ना?" त्यानं विचारलं.

"दोन," मी म्हटलं.