अमेरिकेतले हिस्पॅनिक: मोजायचे कसे, वाढले कसे

अमेरिकेच्या २०२०च्या जनगणनेत ६ कोटी २१ लाख माणसांची नोंद हिस्पॅनिक म्हणून झाली. देशाच्या ३३ कोटी १४ लाख लोकसंख्येत हे प्रमाण १८.७ टक्के. १९८०मध्ये हाच आकडा १ कोटी ४६ लाख होता, म्हणजे चाळीस वर्षांत चौपटीहून जास्त वाढ. एवढं कानावर आलं की आपल्या डोळ्यांपुढे मेक्सिकोची सीमा आणि तिथलं कुंपण उभं राहतं. या वाढीचं ते एक कारण आहे, पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक काळ ते मुख्य कारण नव्हतं.

आधी मुळात हिस्पॅनिक कोण, ते पाहू. जनगणनेचं उत्तर सरळ आहे: जो स्वतःला तसं म्हणवतो, तो. २०२०च्या फॉर्मवर आठवा प्रश्न होता: ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मुळाची आहे का? पहिली चौकट ‘नाही’ची. खाली मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्यूबन आणि इतरांसाठी लिहायला जागा. ना पुरावा मागायचा, ना भाषा विचारायची. त्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न घालायचा ट्रम्प सरकारचा प्रयत्नही २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला. त्यामुळे स्पॅनिशचा एक शब्द न येणारी चौथ्या पिढीतली मुलगी आणि कालच आलेला बिनकागदपत्रांचा मजूर, दोघंही एकाच आकड्यात येतात. वंशाचा प्रश्न वेगळा, नववा. सरकारच्या लेखी हिस्पॅनिक हा वंश नाही. हिस्पॅनिक माणूस गोरा, काळा, मूलनिवासी, काहीही असू शकतो.

हे सगळं सुरुवातीपासून असं नव्हतं. १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा चक्क एक वंश होता. मेक्सिको सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन मंडळींनी त्यावर आक्षेप घेतला आणि १९४०मध्ये ही सगळी माणसं बहुतांशी पुन्हा गोऱ्यांच्या रकान्यात गेली. मग १९५० आणि १९६०मध्ये नैर्ऋत्येकडच्या पाच राज्यांत आडनावांवरून मोजणी झाली. कारकुनांकडे स्पॅनिश आडनावांची यादी असायची. ही रीत पुढे देशभर चालली असती, तर गोव्याहून गेलेल्या एखाद्या फर्नांडिसाचीही गल्लत होऊ शकली असती! आणि लग्नानंतर इंग्रजी आडनाव लावणारी मेक्सिकन बाई यादीतून गळतच होती.

१९७०मध्ये मुळाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तोही फक्त पाच टक्के घरांना. त्यात ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ असा एक पर्याय होता. अमेरिकेच्याच मधल्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांतल्या काहींनी ‘हे तर आपणच’ असं समजून तिथे खूण केली. पुढे १९७६मध्ये स्पॅनिश मुळाच्या लोकांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा झाला आणि १९८०पासून हा प्रश्न प्रत्येक घराच्या फॉर्मवर आला. म्हणूनच वर तुलनेसाठी १९८० हे साल घेतलं. त्याआधीचे आकडे वेगळ्या मापाने मोजलेले आहेत.

स्वतःच्या उत्तरावर सगळं सोडलं तरी सरकार एक रेघ ओढतंच. स्पेनचा माणूस हिस्पॅनिक, ब्राझीलचा नाही, कारण तिथली परंपरा पोर्तुगीज. एखाद्या ब्राझिलियनाने ‘हिस्पॅनिक’वर खूण केलीच, तर माहितीवर प्रक्रिया करताना जनगणना ब्यूरो ती सहसा बदलतं. ब्यूरोच्या २०२०च्या वार्षिक सर्वेक्षणात ही दुरुस्ती चुकून राहून गेली. २०१९मध्ये हिस्पॅनिक म्हणून सुमारे १४ हजार ब्राझिलियन मोजले गेले होते. या वेळी ४ लाख १६ हजार निघाले. हा समाज रातोरात वाढला नव्हता. सरकारची व्याख्या एक आणि लोकांची दुसरी, एवढंच त्यातून उघड झालं.

आता वाढीकडे येऊ. लोकसंख्या वाढते ती दोनच वाटांनी: मृत्यूंपेक्षा जन्म जास्त, किंवा जाणाऱ्यांपेक्षा येणारे जास्त. १९८० आणि १९९०च्या दशकांत येणाऱ्यांचा वाटा मोठा होता. मेक्सिकोतून शेतमजूर आणण्याची सरकारी योजना १९६४मध्ये बंद झाली, पण शेतांना मजूर लागतच होते आणि ये-जा करणाऱ्यांच्या ओळखीपाळखी तयार होत्या. १९८०मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख क्यूबन आले. एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीने लोक बाहेर पडले. १९८६च्या कायद्याने सुमारे २७ लाखांचं वास्तव्य कायदेशीर झालं, त्यांतले बहुसंख्य मेक्सिकन.

२०००नंतर पारडं फिरलं. २००८च्या मंदीच्या सुमारास बांधकामं थांबली, मेक्सिकोतून येणारे खूप घटले, आणि जन्मांचा वाटा वरचढ ठरला. आज दर तीन हिस्पॅनिकांपैकी दोघं अमेरिकेतच जन्मलेले आहेत. खरी मेख वयात आहे. या समाजाचं मध्यक वय तिशीच्या आसपास, तर हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्यांचं चव्वेचाळीसच्या आसपास. तरुण जास्त म्हणून जन्म जास्त आणि मृत्यू कमी. दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण २०२०पर्यंत १.९च्या आत, म्हणजे लोकसंख्या टिकवायला लागणाऱ्या २.१च्याही खाली आलं, तरी वाढ थांबली नाही, कारण आई होण्याच्या वयातल्या स्त्रियाच खूप आहेत. २०१० ते २०२० या दशकात देशाची लोकसंख्या २ कोटी २७ लाखांनी वाढली. त्यातले १ कोटी १६ लाख हिस्पॅनिक. २०२१नंतर स्थलांतर पुन्हा वाढलं, त्यात व्हेनेझुएलातून येणारे बरेच होते. २०२४चा अंदाज सुमारे ६ कोटी ८० लाखांचा आहे.

२०२०च्या जनगणनेचा आकडा खरं तर अपुराच मानायला हवा. प्युर्टो रिकोचे लोक १९१७पासून अमेरिकी नागरिक आहेत, पण त्या बेटावरचे ३३ लाख लोक या बेरजेत नाहीत. शिवाय २०२०च्या फेरतपासणीत कळलं की जवळपास ५ टक्के हिस्पॅनिक मोजणीतून निसटले होते. २०१०मध्ये हे प्रमाण दीड टक्का होतं. संसदेतल्या जागा आणि केंद्राचा निधी याच मोजणीवर वाटला जातो. टेक्ससला २०२०च्या मोजणीनंतर दोन जागा वाढून मिळाल्या, आणि तिथल्या वाढीत निम्मा वाटा हिस्पॅनिकांचा होता.

दुसऱ्या बाजूने गळतीही चालू असते. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत स्थलांतरितांपैकी ९७ टक्के स्वतःला हिस्पॅनिक म्हणवत होते, तर ज्यांची चौथी पिढी तिथे नांदते आहे त्यांच्यातले निम्मेच. आंतरसमाजी लग्नं वाढली की ही घट आणखी वाढणार. त्यात २०२४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने आठवा आणि नववा प्रश्न एकत्र करायचं ठरवलं. म्हणजे हिस्पॅनिक हा पर्याय गोरा, काळा, आशियाई यांच्याच रांगेत बसेल आणि एकाहून जास्त खुणा चालतील. २०२०मध्ये वंशाच्या प्रश्नावर दहांपैकी चार हिस्पॅनिकांनी फक्त ‘इतर’वर खूण केली होती, त्यांची अडचण यातून सुटेल. पण नवा फॉर्म २०३०मध्ये खरोखर वापरला गेला, तर त्या वर्षीच्या आकड्यातली किती वाढ माणसांची आणि किती बदललेल्या प्रश्नाची, हे आधी वेगळं काढावं लागेल.