हरभऱ्याच्या डाळीवर एक कोटी वाट्या

टीव्हीच्या रिमोटचं तोंड जुन्या डिजिटल कॅमेऱ्याकडे करा आणि एखादं बटण दाबून धरा. डोळ्यांना काही दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र रिमोटच्या टोकाला जांभळट-पांढरा दिवा लुकलुकताना दिसतो. मी हे करून दाखवलं तेव्हा भाची दचकलीच. "मामा, भुताटकी आहे ही!" मग पाच मिनिटं तिनं घरातले सगळे रिमोट गोळा करून एकेक दाबून पाहिले. एसीचाही.

रिमोट अवरक्त प्रकाशात बोलतो. आपल्या डोळ्यांना तो प्रकाश कळत नाही, पण कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला अगदी सहज कळतो. तो अडवायला आत एक काचेची चकती बसवलेली असते. स्वस्त कॅमेऱ्यांत ती जरा ढिली, त्यामुळे थोडा प्रकाश आत घुसतोच.

भाची आली होती ती माझा कॅमेरा मागायला. कॉलेजची सहल हरिहरेश्वरला जाणार, आणि मैत्रिणींमध्ये सध्या 'डिजिकॅम'ची टूम. तिच्या हातातला फोन या कॅमेऱ्याच्या कितीतरी पट किमतीचा, तरी हिला हवा होता २००९ साली सहा हजारांना घेतलेला, डांबरगोळीचा वास लागलेला माझा डबा. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळातले स्वस्त कॅमेरे एकमेकांची सख्खी भावंडं होती. दोन पेन्सिल सेल, अडीच इंची पडदा, तीन-चार पट झूम, डब्यावर ठळक अक्षरात मेगापिक्सेल. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक असेच खिशात मावणारे. २०२३ मध्ये या खिशातल्यांचा आकडा २० लाखांच्याही खाली होता.

"चांगला आहे का पण?" तिनं विचारलं. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. या कॅमेऱ्याचं जे काही चांगलं आहे आणि जे काही वाईट आहे, ते सगळं एकाच वस्तूमुळे आहे, आणि ती वस्तू हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढी आहे.

ती म्हणजे सेन्सर. लांबी ६.२ मिलिमीटर, रुंदी ४.६. माहितीपत्रकात त्याला '१/२.३ इंची' म्हणतात, आणि इथेच पहिली गंमत. एक इंच भागिले २.३ म्हणजे ११ मिलिमीटर व्हायला हवेत, पण सेन्सरचा कर्ण जेमतेम पावणेआठ भरतो. ही मोजणी जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीची. तेव्हा नळीचा बाहेरचा व्यास सांगत, चित्र उमटणारी जागा आत त्याहून लहान असे. नळ्या गेल्या, माप राहिलं. शेताचा बांध सरकला तरी सातबाऱ्यावर जुनंच क्षेत्र असावं, तसं.

या डाळीवर एक कोटी पिक्सेल मांडलेले असतात. एकेक पिक्सेल साधारण १.७ मायक्रॉनचा. माणसाचा एक केस आडवा ठेवला तर त्याखाली चाळीसेक पिक्सेल झाकले जातील. हिरव्या प्रकाशाच्या एका लाटेची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या जरा पुढे, म्हणजे एका पिक्सेलच्या रुंदीत प्रकाशाच्या फक्त तीन लाटा मावतात. बाजारात सहा हजारांना मिळणाऱ्या वस्तूत माणसानं प्रकाशाच्या लाटेशी खेटून कारागिरी केली होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो डबा जरा जपून खाली ठेवला.

आता पावसाळ्यात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली आहे अशी कल्पना करा. प्रकाशही पावसासारखाच थेंबाथेंबानं पडतो. त्या थेंबांना फोटॉन म्हणतात. मुसळधार पावसात दोन्ही भरतात. पण भुरभुर असेल तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन वाट्यांतसुद्धा सारखे थेंब पडत नाहीत, एकीत आठ तर दुसरीत तेरा. हिशेब असा : सरासरी १०० थेंब पडणार असतील तर दहाएक इकडे-तिकडे होतात, म्हणजे दहा टक्के. १०,००० पडणार असतील तर शंभराचा फरक, म्हणजे एकच टक्का. मोठ्या कॅमेऱ्यातला ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा असतो. क्षेत्रफळ डाळीच्या तीसपट. ती परात. आपल्या डाळीवर एक कोटी वाट्या, त्याही बाहुलीच्या भातुकलीतल्या.

म्हणून भर दुपारी या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो पाहून कुणी नाक मुरडणार नाही. संध्याकाळी दिवेलागणीला मात्र काळ्या केसांत हिरवे-जांभळे कण दिसू लागतात. कॅमेरा ते कण पुसायला जातो आणि चेहराही पुसतो. काढलेल्या रांगोळीवरून हलकेच हात फिरवावा तसं दिसतं.

बरं, या वाट्यांना रंग कळत नाही. किती पाणी साचलं एवढंच कळतं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी १९७५ मध्ये यावर तोड काढली : प्रत्येक वाटीवर रंगीत काच. निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. त्यामुळे कुठल्याही पिक्सेलला तिन्ही रंगांपैकी एकच खरा माहीत असतो, उरलेले दोन तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ठरवतो. फोटोतला दोन तृतीयांश रंग असा अंदाजपंचे असतो! बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो. बारीक चौकटीच्या इरकली लुगड्यावर तो फसला की जिथे नाहीत तिथे इंद्रधनुषी लाटा उठतात.

साचलेला प्रकाश मोजायची पद्धत तर आपल्या ओळखीची आहे. स्लॅबच्या दिवशी माणसांची रांग लागते आणि घमेली हातोहात वर जातात, तसाच इथे विजेचा भार एका पिक्सेलकडून पुढच्याकडे, तिथून पुढच्याकडे असा ढकलत रांगेच्या टोकाला नेतात आणि तिथे मोजतात. हीच सीसीडी. बेल लॅबमधल्या विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ती १९६९ मध्ये शोधली, आणि नोबेल मिळालं २००९ मध्ये, म्हणजे मी माझा डबा घेतला त्याच वर्षी. या पद्धतीचा एक दोषही रांगेतूनच येतो. व्हिडिओ काढताना समोर मोटारसायकलचा हेडलाइट आला की पडद्यावर वरपासून खालपर्यंत उभी झगझगीत रेघ उमटते. त्या दिव्याजवळून सरकणाऱ्या प्रत्येक घमेल्यात वाटेतच थोडी थोडी भर पडत जाते ना, तिची ती रेघ. गंमत म्हणजे हल्लीच्या मुलांना ती रेघच आवडते.

डब्यावरच्या मेगापिक्सेलबद्दल एकच सांगतो. लेन्सच्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो, त्यामुळे अतिशय बारीक ठिपकाही सेन्सरवर चार मायक्रॉनची चकती होऊन पडतो. पूर्ण झूम केलं की ती चकती आठ मायक्रॉनपर्यंत जाते. पिक्सेल १.७ चा आणि ठिपका आठचा, तर मग पिक्सेल वाढवून काय मिळणार? ताकात पाणी.

आता डाळीची दुसरी बाजू. सेन्सर लहान म्हणून लेन्सही लहान, साडेसहा-सात मिलिमीटर नाभीय अंतराची. अशा लेन्सला दीड मीटरवरचं पोर आणि त्याच्या मागचा राजगड दोन्ही एकदम स्वच्छ दिसतात. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवलेल्यांना यासाठी खटपट करावी लागते. मागची बाजू मऊ धूसर करायची हौस असेल तर ती इथे भागत नाही, हे खरं. पण मॅक्रोचं फूल दाखवणारं बटण दाबा आणि लेन्स वस्तूपासून एक सेंटिमीटरवर न्या. मी एकदा ओट्यावर साखरेचा दाणा ओढणारी मुंगी अशी पकडली. दाण्याच्या धारेवर ट्यूबलाइटची चमक होती आणि मुंगीच्या पायावरची लव दिसत होती. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याची सावली मुंगीवर पडते, हा तोटा. मी शेजारी स्टीलचं झाकण धरून उजेड परतवला.

फोनला न जमणारी आणखी एक गोष्ट इथे आहे. फ्लॅश चालू केला की 'चींऽऽ' असा बारीक आवाज येतो. दोन पेन्सिल सेलचे मिळून तीन व्होल्ट. त्यांतून आतलं सर्किट कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठवतं. म्हणूनच हा डबा घरी उघडायच्या भानगडीत पडू नये; सेल काढले तरी तो झटका देऊ शकतो. ही सगळी वीज झेनॉनच्या नळीतून सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात बाहेर पडते. अंधारात नाचणाऱ्या लेझमीच्या चकत्या जागच्या जागी थिजतात. फोनचा एलईडी त्या मानानं रेंगाळत पेटतो, त्यात लेझीम फराटा होऊन जाते.

पण फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. लेन्सच्या पुढ्यात हवेत जे काही तरंगत असेल ते उजळून निघतं, आणि इतकं जवळ असल्यामुळे धूसर गोल होऊन दिसतं. आमच्या विसर्जन मिरवणुकीच्या सगळ्या फोटोंत गुलालाचे फुगे उडताहेत. कोणी त्यांना आत्मे म्हणतं, म्हणो बापडे. डोळे लाल येतात तेही याच जवळिकीमुळे : उजेड बाहुलीतून आत जातो, मागच्या रक्तानं भरलेल्या पडद्यावरून उलटतो आणि सरळ लेन्समध्ये येतो.

झूमची नळी ही आणखी एक दुधारी चीज. काच खरोखर पुढेमागे सरकते, म्हणून देवळाच्या कळसावरचा पोपट खरोखर जवळ येतो. फोनसारखा नुसता कापून मोठा केलेला नसतो. मात्र पूर्ण झूमला आत येणारा उजेड जेमतेम पाव उरतो. शिवाय नळीच्या सांध्यात वाळूचा एक कण गेला की संपलं. माझा याच्या आधीचा कॅमेरा असाच एका किनाऱ्यावर 'लेन्स एरर' दाखवत तोंड उघडं टाकून बसला, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या वर निघाला. हरिहरेश्वरचं नाव ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो त्यामुळे.

फोकसची तऱ्हा तर आजीसारखी. चष्मा सापडला नाही की ती पेपर लांब धरते, जवळ आणते, परत लांब नेते, आणि अक्षरं ठसठशीत दिसली की थांबते. कॅमेराही लेन्स तशीच पुढेमागे करत कडा कुठे सर्वांत ठळक दिसतात ते शोधतो. यात अर्धा-पाऊण सेकंद जातो. आमच्याकडच्या वाढदिवसांच्या फोटोंत मेणबत्त्या नाहीत, नुसता धूर आहे. बटण आधी अर्धं दाबून ठेवायचं आणि ऐन वेळी पूर्ण दाबायचं, हे कळेपर्यंत पोरं मोठी झाली.

या डब्यांना कमी लेखू नये म्हणून भाचीला एक गोष्ट सांगितली. सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी कॅननचा ए४७० हा असाच दोन सेलवाला कॅमेरा थर्मोकोलच्या पेटीत घातला, सोबत हात शेकायच्या गरम पुड्या आणि जीपीएसवाला साधा मोबाइल ठेवला, आणि पेटी हवामानाच्या फुग्याला बांधून सोडून दिली. कॅमेऱ्यात हौशी मंडळींनी बनवलेली सीएचडीके नावाची प्रणाली होती. ती मेमरी कार्डावरूनच चालते आणि ठरावीक वेळानं आपोआप फोटो काढायला लावते. फुगा सुमारे ९३,००० फुटांवर, म्हणजे २८ किलोमीटर गेला आणि फुटला. पेटी पॅराशूटनं खाली आली, सापडली. फोटोंत काळं आकाश आणि त्याखाली पृथ्वीची वाकलेली कड. सगळा खर्च १४८ डॉलर, तेव्हाच्या भावानं सात हजारांच्या आसपास.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "सेल कुठले टाकू?"

साधे अल्कलाइन टाकू नकोस, म्हटलं. त्यांवर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं आणि रिचार्जेबलवर सव्वाच्याही खाली, १.२. तरी रिचार्जेबल कितीतरी जास्त टिकतात. फ्लॅश आणि लेन्सची मोटर एकदम मोठा घोट मागतात. अल्कलाइन सेलचा आतला अडथळा जास्त, तो घोट देताना त्याचा दाब पडतो आणि कॅमेऱ्याला वाटतं सेल संपला. तो संपलेला नसतो. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ वर्षानुवर्षं कॅमेऱ्यानं टाकून दिलेल्या सेलवर चाललंय. कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेऊ नकोस, याला ते ओळखता येत नाही. सेलच्या झाकणाची खिट्टी प्लॅस्टिकची आहे, जोर लावू नकोस. वाळूत लेन्स बंद ठेव. आणि हो, सेल बरीच वर्षं काढून ठेवले होते, त्यामुळे आतलं घड्याळ मागे गेलंय, तेवढी तारीख बदलून घे.

चार दिवसांनी ती परत आली, खिट्टी शाबूत आणि नळीत वाळू नाही. फोटो टीव्हीवर लावले. लाटेत उभ्या पाच मुली, फ्लॅशमध्ये उडालेला एकेक थेंब गोठलेला, मागे मावळतीनंतरचं करडं कणीदार आभाळ, दोघींचे डोळे लाल. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत ०१/०१/२००९. त्या तारखेला ही बया दीड वर्षाची होती.

"तारीख बदलायची राहिली की गं."

"राहिली कुठे? मुद्दाम ठेवली."